कव्हरकाकांनी कॉम्प्युटरचं डोकं बदललं

नवी वस्तू घरात आली की कव्हरकाकांचा चेहरा उजळायचा, आणि ती कुणी वापरायला घेतली की तोच चेहरा खर्रकन उतरायचा. माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांचा उभा जन्म एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेला होता. तिथं खोकं बंद आहे तोवर माल मोलाचा. एकदा सील तुटलं की तो कुणी परत घेत नाही. हे त्यांच्या हाडीमांसी असं खिळलं, की रिटायर होऊन घरी आले ते हाच कायदा बरोबर घेऊन आले.

टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन रबर. आवाज वाढवायचा तर अंगठ्यानं असा जोर लावायचा की जणू भिंतीत खिळा ठोकतोय. फ्रिजच्या मुठीला कापडाचा मोजा. गादीचं दुकानातलं प्लास्टिक तसंच, त्यामुळं पाहुणा कुशीवर वळला की वाळक्या पानांतून कुणी चालत गेल्यासारखं वाटायचं. एकदा तर कमाल झाली. नवा चष्मा आणला आणि महिनाभर काका सांगत सुटले, "माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी उगवलंय." डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी चष्मा हातात घेतला आणि काचेवरची नंबराची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. डोळा बरा झाला. काका मात्र चिठ्ठी फाटली म्हणून दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आणि सोफा! त्या सोफ्यावर बसणं म्हणजे एक कसरतच. उन्हाळ्यात बसलेला माणूस उठताना सालीसारखा सोलून निघायचा. सोफा हिरवा, म्हणून काकूंनी हौसेनं हिरवे पडदे शिवून घेतले होते. ते तेवढे काकूंच्या ताब्यात, म्हणून त्यांच्यावर प्लास्टिक नव्हतं.

काकू म्हणजे काकांची बायको. शहरातल्या बसमध्ये कंडक्टर. बोलणं खणखणीत, आणि घर काय नि बस काय, त्यांना एकच. "चला, दारात उभं राहू नका, पुढं सरका," हे त्या नवऱ्यालाही म्हणायच्या आणि दुधवाल्यालाही. जेवायला बोलवायचं तर ताटावर चमचा दोनदा वाजवायच्या, टिंग टिंग. तो आवाज आला की काका जिथं असतील तिथून निघायचे.

तर आता ह्या काकू रिटायर होणार होत्या. डेपोच्या हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठरला होता. तिथली पद्धत अशी, की घरच्या माणसानं उठून दोन शब्द बोलायचे. इथंच काकांचं घोडं अडलं. कारण त्यांच्या स्वतःच्या निरोपाच्या वेळी ते बोलायला उभे राहिले, आणि तोंडातून एवढंच निघालं, "मंडळी, माल तपासून घ्यावा." मग घाईघाईनं खाली बसले, ते मॅनेजरच्या मांडीवर.

पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं. पण काकूंबद्दल काहीच न बोलणंही त्यांना पटेना. आयुष्यभर त्यांनी बायकोचं तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं. मनात फार होतं, पण तेही सीलबंद. म्हणून त्यांनी युक्ती काढली. भाषणाऐवजी फिल्म दाखवायची. जुने फोटो एकापुढं एक लावायचे, आणि शेवटी स्वतःचं बोलणं घरीच रेकॉर्ड करून जोडायचं. म्हणजे हॉलमध्ये फक्त बसायचं. आपल्या खुर्चीत.

फिल्म करायला घरात कॉम्प्युटर होता. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा मागं ठेवून गेलेली ती पेटी. अर्थातच तिला शिवलेलं कव्हर, की-बोर्डावर जाड प्लास्टिक. काकू ड्यूटीवर गेल्या की काका गुपचूप बसायचे. फोटो लागले, बोलणं रेकॉर्ड झालं, सगळं जमलं. पण 'फिल्म तयार करा' म्हटलं की कॉम्प्युटर कण्हायला लागायचा. पडद्यावरची पट्टी थोडी सरकायची आणि मग जी थांबायची ती थांबायचीच.

काकांनी पेटी उचलून दुरुस्तीवालीच्या दुकानात नेली. बाई अनुभवी, कपाळावर चष्मा, तोंडात स्क्रू.

"काका, ह्याचं डोकं म्हातारं झालंय," ती म्हणाली. "प्रोसेसर म्हणतात त्याला. सगळा विचार तोच करतो. पेटीतल्या ह्याच बोर्डावर बसेल असा दमदार प्रोसेसर आहे माझ्याकडं."

"नवा?"

"सीलबंद."

तो शब्द कानावर पडला मात्र, काका लोण्यासारखे विरघळले.

"आणि हा कूलरही घ्या," बाई म्हणाली. "डोकं दमदार असलं की तापतंही तसंच. हा धातूचा ठोकळा प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो, त्याची उष्णता ओढून घेतो, आणि वरचा पंखा ती उडवून लावतो. ठेवून जा, बसवून देते."

"म्हणजे खोकी तुम्ही फोडणार?"

"मग काय खोक्यासकट बसवू?"

"नको," काका म्हणाले. "मी घरी बसवतो."

बाईनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. प्रोसेसर दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. दोघांच्या मध्ये उष्णता पुढं नेणारी पेस्ट लावायची, वाटाण्याएवढी. बाकी खोक्यातल्या कागदावर चित्रं आहेत. आणि काका, ते कव्हर काढा हो पेटीचं. बिचारीचा जीव गुदमरलाय."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी काकू ड्यूटीवर गेल्या आणि मदतीला मेहुणे आले. मेहुणे म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ, त्याच डेपोत मेकॅनिक. हातात सदा पाना, म्हणून काकू त्यांना पान्या म्हणायच्या. कुठलंही यंत्र असो, ते त्यांना बसच वाटायचं.

"दाजी, बॉनेट उघडा," त्यांनी आल्या आल्या फर्मावलं.

काकांनी वायर काढली, पेटी आडवी करून बाजूचं झाकण उघडलं. आतून एवढी धूळ निघाली की दोन उश्या भरल्या असत्या. कव्हर घालूनही धूळ आत गेलीच कशी, याचं काकांना फार वाईट वाटलं. मग जुना पंखा. तो काही केल्या निघेना. खालची पेस्ट वाळून खडखडीत झालेली.

"हातोडी देऊ?" मेहुणे म्हणाले.

"मेहुणे, तुम्ही जरा लांब उभे राहा."

काकांनी पंखा हलकेच डावीकडं उजवीकडं फिरवला, तेव्हा तो सुटला. मग कडेची बारीक दांडी वर केली आणि म्हातारं डोकं अलगद उचललं. बिस्किटाएवढी चौकोनी चकती. एवढीशी ती, आणि एवढी वर्षं विचार करत होती, बघा. काकांनी ती कापसात गुंडाळली, डबीत ठेवली आणि डबी पिशवीत घातली.

आता नवं खोकं. काकांनी ते ब्लेडच्या टोकानं उघडायला घेतलं. चिकटपट्टी फाटू न देता सोडवायला वेळ लागला, पण फाटू दिली नाही. चकतीच्या कोपऱ्यावर एक सोनेरी त्रिकोण होता, तसाच बोर्डावरही होता. त्रिकोणावर त्रिकोण आणला, चकती नुसती ठेवली. बसली. दांडी खाली. वर पेस्टचा ठिपका.

"एवढीच?" मेहुणे कळवळले. "दाजी, ग्रीसमध्ये कंजुषी करू नये. इंजिन जाम होतं."

"वाटाण्याएवढी मंजूर आहे. मंजूर तेवढीच मिळेल."

मग काकांनी नवा कूलर हातात घेतला. त्याचं बूड तांब्याचं, आरशासारखं लखलखीत. काकांना त्यात आपलं नाक दिसलं. आणि त्या बुडावर पातळ पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं. वर लाल अक्षरांत छापलं होतं, 'बसवण्याआधी काढावे.'

काकांनी ते वाचलं. समजलं. आणि सोडून दिलं. असं सोफ्याच्या प्लास्टिकवरही छापलेलं होतं. कंपन्या काय, लिहितात! एका कोपऱ्यात ते जरा सुटलं होतं. काकांनी अंगठ्यानं तो कोपरा दाबून नीट चिकटवला आणि समाधानानं मान हलवली. मेहुणे तेव्हा कपाटाखाली घरंगळलेला स्क्रू शोधत होते, त्यांनी काही पाहिलं नाही.

स्क्रू आवळताना मात्र मेहुण्यांचा उपयोग झाला. "चाकाच्या नटासारखं आवळा, दाजी. एक इकडचा, मग समोरचा. एकीकडंच आवळलात तर चाक वाकडं बसतं." तसं केलं. पंख्याची वायर जोडली. सुरू केला. कॉम्प्युटर एका दमात जागा झाला!

"आहे की नाही!" काका म्हणाले. फिल्म तयार करायला सांगितली. पट्टी पळायलाच लागली. जिथं जुन्या डोक्याची दांडी गुल व्हायची, ती जागा तर कधीच मागं पडली. तेवढ्यात पंखा गरगरायला लागला. मग घोंघावायला. मग चढावरच्या बससारखा ओरडायला लागला. पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा लाल झाला, आणि फट्. सगळं काळं.

पुन्हा सुरू केला. पुन्हा पट्टी पळाली, पंखा ओरडला, फट्.

"इंजिन उकळतंय," मेहुण्यांनी निदान केलं. "पाणी कुठून घालायचं ह्याला?"

"पाणी घालत नसतात ह्यात!"

"मग रेडिएटर कशाला म्हणायचं?"

"कुणी म्हणालंय रेडिएटर?"

टेबलफॅन लावून पाहिला. आत उरलेली धूळ तेवढी उडाली आणि दोघं शिंका देत बसले. मेहुण्यांनी ताटलीनं वारा घातला. फट्. खिडकीत नेऊन ठेवला. फट्. दुरुस्तीवालीला फोन करावा, तर तिच्या दुकानाला आज सुट्टी. काकांच्या कपाळावर कॉम्प्युटरपेक्षा जास्त घाम. डोळ्यांसमोर हॉल दिसायला लागला, माईक दिसायला लागला, मॅनेजरची मांडी दिसायला लागली.

"दाजी," मेहुणे हळूच म्हणाले, "फ्रिज आहे की."

आणि काय सांगू, शहाणीसुरती दोन माणसं. त्यांनी फ्रिजमधलं दूध, भाज्या, लोणी सगळं जमिनीवर काढलं, दार सताड उघडलं, समोर स्टूल ठेवलं आणि त्यावर कॉम्प्युटर मांडला. वायर पुरेना म्हणून स्वयंपाकघरापर्यंत दुसरी जोडली. काका फ्रिजच्या दारात फतकल मारून की-बोर्ड बडवतायत, मेहुणे वरून ताटलीनं वारा घालतायत, आणि पट्टी पळतेय...

"हे काय चाललंय?"

दारात काकू! निरोपाचा आदला दिवस म्हणून त्यांना ड्यूटीवरून लवकर सोडलं होतं. काकांनी झडप घालून पडद्यावर टॉवेल टाकला. टॉवेलाखाली कॉम्प्युटर म्हणाला, फट्.

"ताई, तू लवकर आलीस?" मेहुणे ताटली पाठीमागं लपवत म्हणाले.

"पान्या, तू गप. लोणी वितळून दारापर्यंत आलंय, त्यावरून घसरत आलेय मी." काकूंनी एकदा फ्रिजकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. "अहो, ह्याला काय झालंय?"

"ताप आलाय जरा," काका पुटपुटले.

"नवीन काही आणलंत का ह्यात?"

"एक... लहानसा भाग. आणि एक पंखा."

"मग त्याचं प्लास्टिक काढलं नसेल तुम्ही."

कॉम्प्युटर म्हणजे काय, प्रोसेसर कशाशी खातात, काकूंना काही ठाऊक नव्हतं. पण नवरा पुरता ठाऊक होता. घरात नवी वस्तू चालेनाशी झाली की त्या आधी प्लास्टिक शोधायच्या, आणि आजवर त्यांचा अंदाज चुकला नव्हता.

"कुठलं प्लास्टिक?" काका म्हणाले. असं म्हणणारा माणूस नेहमी खाली बघतो. काकाही बघत होते.

"दाजी!" मेहुण्यांचा आ वासलेला. "इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये पिशवी?"

"अगदी पातळ होतं हो! पारदर्शक! पलीकडचं सगळं दिसत होतं!"

"दिसतं सगळं, पण उष्णता जाते का त्यातून?" काकू म्हणाल्या. "सोफ्यावर बसल्यावर माझी पाठ का भाजते मग? काढा ते."

"काढलं तर ते नवं राहणार नाही."

"अहो, वापरायला आणलंय की पुरून ठेवायला?"

एकीकडं ते इवलंसं प्लास्टिक, एकीकडं माईक. काकू त्यांच्याकडं बघत होत्या. हा सगळा खटाटोप कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. टॉवेलाचा कोपरा वर उचलायची त्यांना फार इच्छा झाली असणार, पण उचलला नाही. उलट म्हणाल्या, "मी लोणी पुसते. तुम्ही तुमचं उरका. चला, पुढं सरका."

काकांनी कूलर सोडवला. उलटा केला. प्लास्टिकला सगळी पेस्ट लागलेली, जणू कुणी पावडर लावून बसलंय. कोपरा नखात धरला. डोळे मिटले. फर्रर्र!

मेहुणे नंतर डेपोत सांगायचे, "दाजी ओरडले ते असे, की मला वाटलं बोट कापलं."

चकती कापसानं, स्पिरिटनं पुसली. नळीत उरलेली पेस्ट अगदी वाटाण्याएवढीच निघाली. कूलर उघड्या बुडानं चकतीवर टेकला, समोरासमोरचे स्क्रू आवळले, आणि सुरू केलं. पट्टी पळाली. पंखा घरघरला, पण चढ संपून सपाटीला लागलेल्या गाडीसारखा, सुरात. आकडा वर गेला नि एका जागी निमूट बसून राहिला. पट्टी शेवटाला टेकली. काकांचा जीव भांड्यात पडला. काकूंना कळू नये म्हणून त्यांनी फिल्म अगदी बारीक आवाजात लावून पाहिली. त्यात स्पीकरला कापडी कव्हर. ओठ हलताना दिसले, तेवढ्यावर समाधान मानलं.

जाताना मेहुण्यांनी पाहिलं तर बाल्कनीतल्या दोरीवर टॉवेलाशेजारी टपाल तिकिटाएवढं ते प्लास्टिक धुऊन, चिमटा लावून वाळत घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेपोचा हॉल भरला. ड्रायव्हर, कंडक्टर, तिकीटखिडकीवाले, सगळे. काका पहिल्या रांगेत आपल्या खुर्चीत, खुर्चीचे हात घट्ट धरून. दिवे मालवले आणि फिल्म सुरू झाली. काकू नव्या युनिफॉर्ममध्ये, बटणांवर अजून प्लास्टिक. टाळ्या. काकू घरी, मागं फ्रिजच्या मुठीला मोजा. लोक हसायला लागले. लेकीचा वाढदिवस, केकवरच्या मेणबत्त्या पेटलेल्या आणि केक पिशवीत. हॉल गडगडला. काकू तर हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात. काकांना वाटलं, वा, जिंकलं आपण!

मग शेवट आला. पडद्यावर मोठ्ठे काका, सोफ्यावर बसलेले. हॉल शांत झाला. पडद्यावरच्या काकांनी घसा साफ केला, पुढं सरकले, आणि बोलायला लागले.

"चर्रर्र," पडदा म्हणाला. "खर्र. कर्रर्र... ही... चर्र... खरं तर... फर्रर्र."

सोफ्याचं प्लास्टिक! काका जितके मनापासून बोलत होते तितके हलत होते, आणि जितके हलत होते तितकं ते वाजत होतं. शब्द एक ऐकू येईना. शेवटी पडद्यावरच्या काकांनी डोळे पुसले, कर्रर्र, आणि फिल्म संपली.

"आवाज! आवाज!" मागून ओरडा झाला. "काका, काय म्हणालात?"

"कव्हर काढून बोला, काका!" एक ड्रायव्हर म्हणाला.

काका खुर्चीला चिकटले होते. काकूंनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. ह्या वेळी त्या हसत नव्हत्या.

"अहो," त्या हळू म्हणाल्या, "मला ऐकायचंय. दारात उभं राहू नका. पुढं सरका."

काका उठले. माईकपाशी गेले.

"मंडळी," ते म्हणाले, "माल..." आणि थांबले. कारखान्यातला किस्सा कानावर असलेल्या डेपो मॅनेजरनं मांडी आवरून घेतली.

"घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला मी कव्हर घातलं," काका म्हणाले. "सगळी आतल्या आत पिवळी पडली. हिला घालता आलं नाही. ही ऐकणारी नव्हे. ऊन, धूळ, गर्दी, सगळं हिनं अंगावर घेतलं. आणि घरात नवी अशी एकटी हीच राहिलीय." मग जरा विचार करून म्हणाले, "तपासून घ्यावं."

हॉलमध्ये टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो बाहेर उभ्या बसच्या काचांनी ऐकला. काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला, आणि दुसऱ्या हातानं टेबलावरच्या पेल्यावर चमचा वाजवला. टिंग टिंग. काका लगेच निघाले आणि येऊन बसले. आपल्याच खुर्चीत.

घरी आल्यावर काकांनी कपडेही न बदलता कात्री घेतली आणि सोफ्याचं प्लास्टिक आपल्या हातानं उतरवलं. आतून सोफा निघाला. निळा!

दोघं बघतच राहिले. एवढी वर्षं पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकमधून बघितलेला निळा सोफा त्यांना हिरवा दिसत होता, आणि घेतानाचा रंग दोघं कधीच विसरले होते. काकूंनी सोफ्याकडं पाहिलं, मग खिडकीतल्या हिरव्यागार पडद्यांकडं, मग पुन्हा सोफ्याकडं. कसं दिसत होतं ते सांगत नाही.

मग त्या बसल्या. काकाही शेजारी बसले. काही वाजलं नाही. काका जरा हलून पाहिले, तरी नाही.

"अहो," पडद्यांकडं बघत काकू म्हणाल्या, "पडदे नवे होईपर्यंत परत घालावं का हो ते? कुठं ठेवलंत?"

"घडी करून ठेवलंय."

"कशात?"

काका खाली बघायला लागले.

"प्लास्टिकच्या पिशवीत," ते म्हणाले.